शक्तीची गोळी

“आपल्या घराण्यात वेडं कोण होऊन गेलं?”

प्रश्न टाकला आणि पिपाणी ऐटीत मागे रेलून बसली. रंगाच्या दुकानामागच्या खोलीत, पालथ्या घातलेल्या डब्यांवर आणि त्यातल्या त्यात धड अशा दोन खुर्च्यांवर बसलेलं अख्खं कुटुंब एकदम तिच्याकडे बघू लागलं. खरं तर सगळे जमले होते भलत्याच कामासाठी. रंग मिसळणारं यंत्र दुकानात आणायचं की नाही, आणि आणलंच तर जन्मभर नुसत्या नजरेने रंग जुळवत आलेल्या काकाला कुठे बसवायचं, याचा निकाल त्या रविवारी लागायचा होता. निकाल काही लागत नव्हता. चहा मात्र दोनदा झाला होता.

प्रश्न तिचा नव्हताच, पैजेचा होता. जीवशास्त्राच्या तासाला बाईंनी कुरळे केस आणि गालावरची खळी घराण्यातून कशी उतरते हे शिकवलं, तेव्हा मागच्या बाकावरून कोणीतरी पुटपुटलं, “आणि वेड?” वर्गात हशा पिकला. मधल्या सुट्टीत मैत्रिणींनी पैज लावली की घरचे सगळे बसलेले असताना हे विचारायची छाती कोणाची? सगळ्या माना हिच्याकडे वळल्या. वर्षापूर्वी वळल्या नसत्या. तेव्हा हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही हिचा आवाज घशातल्या घशात विरायचा. मग शाळेच्या नाटकात ऐन वेळी आजारी पडलेल्या मुलीच्या जागी हिला ढकललं गेलं, सभागृह खदखदून हसलं, हिला ते भयंकर आवडलं, आणि त्या दिवशी जे तोंड उघडलं ते अजून मिटायचं होतं. ‘पिपाणी’ हे नाव काकानेच ठेवलं होतं. मोठ्या प्रेमाने.

“तू सोडून विचारतेस का?” बाबा म्हणाले.

“शाळेत पाठवतो ते हे शिकायला?” आई म्हणाली.

“कप गोळा कर ग जरा,” आत्या म्हणाली.

“आपल्याकडे असलं काही नाही,” आबांनी काठी जमिनीवर टेकवली. “आपलं रक्त स्वच्छ आहे. गळणारा पत्रा नाही आपलं घराणं.”

चार तोंडं, चार उत्तरं, तीसुद्धा एका दमात. म्हणजे बाण बरोबर लागला, असं पिपाणीने मनातल्या मनात टिपून घेतलं. गप्प राहिला फक्त काका. एरवी घरातल्या कुठल्याही विषयावर पहिला विनोद त्याचा असायचा. आज तो उठला, टेबलावरचे दोन रंगवलेले पुठ्ठे त्याने उचलले आणि म्हणाला, “वेड्यांचं नंतर बघू. आधी बाहेर चला. रंग दिव्याखाली बघायचा नसतो.”

हा आबांच्या बापापासून चालत आलेला नियम. दुकानात कितीही दिवे लावा, रंग पसंत करायचा तो दाराबाहेर, उन्हात. सगळे उठून फुटपाथवर आले. एका पुठ्ठ्यावर यंत्रवाल्याने नमुन्यादाखल दिलेला, यंत्राने केलेला पांढरा, दुसऱ्यावर काकाने केलेला. आबा वाकून बघू लागले, बाबा चष्मा वर-खाली करू लागले, आत्या म्हणाली दोन्ही सारखेच, आणि आबा म्हणाले सारखे दिसत असतील तर तू डोळे तपासून घे.

सगळे पुठ्ठ्याकडे बघत होते. पिपाणी बघत होती काकाकडे. उन्हात, पांढऱ्या पुठ्ठ्याशेजारी, काकाचा चेहरा कधी नव्हे तो स्पष्ट दिसत होता, आणि त्याच्या डोळ्यांतला पांढरा पांढरा नव्हता.

“काका, तुझे डोळे पिवळे झालेत.”

“रंगाचं दुकान आहे बाई. कुठेतरी उडणारच.”

“चेष्टा नाही. पिकल्या लिंबासारखे झालेत!”

आत्या पाळणाघर चालवायची. दिसेल त्याची जीभ, कान आणि पापणी विचारल्याशिवाय तपासायची तिची सवय. तिने काकाची मान धरली, खालची पापणी ओढली आणि तिच्या तोंडून “अगं बाई” एवढंच निघालं. मग एकेक बाहेर आलं. चार घासांपुढे जेवण जात नव्हतं. हातांना सारखी खाज होती, ती टर्पेंटाइनची म्हणून त्याने सोडून दिली होती. लघवी चहासारखी होत होती, ती पाणी कमी पितो म्हणून. एवढं सांगेपर्यंत काका दुकानाच्या पायरीवर बसला. बसला म्हणजे, पायांनीच त्याला बसवलं. पांढऱ्याचा निकाल तसाच राहिला.

माल पोचवायच्या गाडीत पुढे आबा, बाबा आणि आत्या कोंबून बसले. आई दुकान बंद करायला मागे थांबली. मागच्या बाजूला डब्यांच्या मधोमध काका आणि पिपाणी. गाडी वळली की डबे खडखडायचे, आणि त्या खडखडाटात काका तिच्या कानाशी वाकून म्हणाला, “उत्तर हवंय ना तुला? पैज हरायची नाहीस.”

“राहू दे रे आता.”

“ऐक. वेडं कोणी नव्हतं. पण आजीची शक्तीची गोळी आठवते?”

आठवत नसेल कशी? आजी असेपर्यंत रोज सकाळी आबा स्वतः पाण्याचा पेला घेऊन तिच्यापुढे उभे राहायचे. “घे, शक्तीची गोळी घे.” पिपाणी लहान असताना हट्ट करायची, मलाही शक्ती पाहिजे. मग तिला साखरेचे चार दाणे मिळायचे.

“ती शक्तीची नव्हती,” काका म्हणाला. “मनासाठी होती. डिप्रेशनची. आबांनी तिला नाव दिलं शक्तीची गोळी, आणि घराने ते उचललं. आता मी घेतो. तीच नाही, दुसरी, पण जातकुळी तीच.”

पिपाणीला मागचं वर्ष आठवलं. काका डब्यात काठी घालून बसायचा. रंग केव्हाच एकजीव झालेला असायचा, तरी तो ढवळत राहायचा. मग तेही थांबायचं, आणि रंगावर साय धरेपर्यंत तो नुसता बघत राहायचा. सगळे म्हणायचे, लग्न झालं नाही म्हणून. सगळे म्हणायचे, वरच्या खोलीत एकटा राहतो म्हणून. मग हिवाळा सरता सरता तो हळूहळू परत आला. गाऊ लागला. तिला पिपाणी म्हणू लागला.

“त्या गोळीने बरा झालास तू?”

“गोळीने, आणि डॉक्टरांशी बोलण्याने. हो.”

“घरात कोणाला माहीत आहे?”

“ताईला सगळं माहीत आहे. दादाला...” काका जरासा हसला. “दादाला शक्तीची गोळी माहीत आहे. आबांसमोर तोंड उघडू नकोस हं. शपथ?”

“शपथ,” पिपाणी म्हणाली. त्या आठवड्यात घेतलेली ती दुसरी पैज होती आणि तीच अवघड जाणार होती, हे तिला तेव्हा कुठे ठाऊक?

दवाखान्यात काकाला ठेवून घेतलं. आत्याने पाळणाघर मदतनीस बाईंवर सोपवलं आणि ती त्याच्या उशाशी ठाण मांडून बसली. पिपाणीला मात्र शाळेला हाकललं गेलं. वर्गात मैत्रिणींनी घेरून विचारलं, काय झालं पैजेचं, कोण निघालं वेडं? आठवड्यापूर्वी तिने तिखटमीठ लावून सांगितलं असतं. आता ती म्हणाली, “कोणी नाही. माझा काका आजारी आहे,” आणि पुढे कोणी काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती तडक दवाखान्यात गेली, दप्तर पाठीवर तसंच. काका उशीला टेकून बसला होता. पांढऱ्या चादरीवर तो जास्तच पिवळा दिसत होता.

“म्हण खोटी आहे ग पिपाणे,” तो म्हणाला. “काविळीत सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. मला तर जग चांगलं पांढरंशुभ्र दिसतंय. एकटा मीच काय तो पिवळा.”

“बोलू नकोस, धाप लागते,” आत्या म्हणाली. तिने पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तळहातावर पाडली आणि पेल्यात पाणी ओतलं. “सकाळी तपासण्यांच्या गडबडीत राहून गेली. घे.”

पिपाणीने गोळीकडे बघितलं. मग पट्टीकडे.

“आत्या, ही कसली?”

आत्याने दाराकडे नजर टाकली. दारात आबा आणि बाबा नुकतेच पोचत होते. “शक्तीची,” ती म्हणाली. तिने डोळेही मोठे केले, म्हणजे पुढचं विचारू नकोस.

“डॉक्टरांना माहीत आहे?”

“माहीत आहे म्हणजे? पहिल्याच दिवशी विचारलंय. हो ना रे, दादा?”

“विचारलं ना,” बाबा खुर्ची ओढत म्हणाले. “त्यांनी विचारलं, काही औषधं चालू आहेत? मी म्हटलं, छे, एक शक्तीची गोळी घेतो तेवढीच. म्हणाल्या, घेऊ द्या की, जेवण जात नाहीये तर चांगलंच आहे.”

पिपाणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, तुम्ही शब्द कोणता वापरलात? नक्की कोणता?”

“अगं कोणता म्हणजे? शक्तीची गोळी.”

“पण डॉक्टरांना आपल्या घरची भाषा कुठे येते!”

आत्याचा हात पेल्यासकट थांबला. तिच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली. तिला वाटलं होतं भावाने सांगितलंय. भावाला वाटलं होतं आपण सांगितलंय. आणि भावाने अगदी खरंच सांगितलं होतं, घरातलं खरं. इतकी वर्षं तो शब्द इतक्या जिभांवरून घासून गेला होता की त्याच्या खाली काही दुसरं आहे हेच कोणाला दिसेनासं झालं होतं.

नेमक्या तेव्हाच डॉक्टर आल्या. तरुण होत्या, बोलण्याची घाई होती, पण आज कपाळाला आठी होती. “काविळीचे नेहमीचे जंतू एकाही तपासणीत नाहीत,” त्या म्हणाल्या. “दारू नाही. पित्ताचा खडा नाही. आणि लिव्हरचे आकडे उतरायला हवे होते, ते वर चाललेत. काहीतरी आहे, जे आम्हाला सापडत नाहीये.”

ते काहीतरी आत्याच्या तळहातावर होतं.

पिपाणीने काकाकडे बघितलं. काकाने आबांकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मान हलवली. एवढीशी. नाही. त्याच्या त्या पिवळ्या डोळ्यांत विनवणी होती. शपथ घेतली होती तिने. आणि समोर आबा काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते, ज्यांच्यापुढे या घरात कोणी तो शब्द कधी उच्चारला नव्हता.

तिने आत्याच्या तळहातावरची गोळी उचलली आणि डॉक्टरांपुढे धरली.

“ही,” ती म्हणाली. तिचा आवाज फाटला, तिने खाकरून परत लावला. “ही शक्तीची गोळी नाही. ही डिप्रेशनची गोळी आहे. आमच्या घरात तिला शक्तीची म्हणतात. काका ही हिवाळ्यापासून घेतोय. इथेही रोज घेतलीय त्याने, तुम्ही चालेल म्हणालात म्हणून.”

डॉक्टरांनी आत्याच्या हातातली पट्टी घेतली, मागचं बारीक नाव वाचलं, आणि त्या चक्क पलंगाच्या कडेवर बसल्या.

“डोस तोच आहे पहिल्यापासून?” त्यांनी काकाला विचारलं.

काकाने डोळे मिटले. “नाही. दोनेक महिन्यांपूर्वी वाढवला.”

“वाढवल्यावर रक्त तपासायला सांगितलं असेल.”

“सांगितलं होतं. पण लॅब आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. तिथे सगळे ओळखतात. कशाला रक्त देतोयस, विचारलं असतं. मग आज जातो, उद्या जातो...”

“ही गोळी आत्तापासून बंद,” डॉक्टर म्हणाल्या. “अशी अचानक बंद केली की काही जणांना त्रास होतो. पण इथे दुसरा इलाज नाही, आणि तुम्ही आमच्या डोळ्यांसमोर आहात. फार थोड्या लोकांच्या लिव्हरला ही गोळी बाधते. तुम्ही त्या थोड्यांतले दिसता. वेळेत थांबवलं तर लिव्हर बहुतेक वेळा सावरतं, सोशिक असतं बिचारं. तुमच्या मनाच्या डॉक्टरांशी मी लगेच बोलते.” मग त्या उठल्या आणि बाबांना म्हणाल्या, “मीही नाव विचारायला हवं होतं. शक्तीची म्हणजे कोणती, असं. चुकलंच माझं.” जाता जाता त्यांनी पिपाणीच्या डोक्यावर टपली मारली. एरवी तिला असल्या टपलीचा राग येतो. तेव्हा आला नाही.

खरं रण पेटलं ते बाहेर, लोखंडी दांड्यावर खिळलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आईही कामावरून परस्पर आली होती.

“विषच ते!” आबा म्हणाले. “आता पुरे झाली असली औषधं. यापुढे त्याच्या तोंडात एक गोळी जायची नाही.”

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले.

“मी भरवली हो त्याला,” आत्याने पदर डोळ्यांना लावला. “रोज. माझ्या हाताने. नकोच ती औषधं. माणूस दुःखी असला तर असला, निदान असतो तरी.”

बघता बघता तिघं एका बाजूला झाली. यंत्राच्या प्रश्नावर आयुष्यात एकमत न झालेली तिघं! पिपाणी म्हणाली, “गोळीने लिव्हर बिघडलं, हे खरं. पण गोळीने काका बरा झाला होता, हेही खरंच ना? एक खरं म्हटलं म्हणून दुसरं खोटं होतं का?”

“लहान आहेस तू,” बाबा म्हणाले.

“काल मोठी घोडी होते, खोली आवरली नाही तेव्हा.”

“तोंड आवर!”

“अहो, बोलू द्या तिला,” आई म्हणाली, आणि सगळे दचकून तिच्याकडे वळले, कारण सासऱ्यांसमोर आई नवऱ्याला अडवायची नाही. “मीच सांगते एक. ही झाली तेव्हा मला फार अशक्तपणा आला होता. उठवत नव्हतं. तुमच्या घरात मी नवी. रोज बघायचे, सासूबाई शक्तीची गोळी घेतात. एक दिवस त्यांच्याकडे मागितली. म्हटलं, मलाही द्या ना एक.”

“मग?” आत्याने विचारलं. हे तिलाही ठाऊक नव्हतं.

“त्यांनी मूठ मिटून घेतली. म्हणाल्या, नको ग, ही शक्ती गेलेल्यांची आहे. आणि हसल्या. मग रडल्या. मग दोघी रडलो आणि दोघींना बरं वाटलं. त्या दिवशी मला कळलं गोळी कसली ते. पण या घरात कोणी नाव घेत नाही, मग सुनेने कशाला घ्यायचं, म्हणून मीही शक्तीचीच म्हणत राहिले.” ती आबांकडे वळली. आवाज चढवला नाही तिने. “आबा, त्या गोळ्यांवर सासूबाई वीस वर्षं चांगल्या जगल्या. तुम्हीच जगवलंत. पेला घेऊन तुम्हीच उभे राहायचात.”

आबा बराच वेळ काठीच्या मुठीवर अंगठा घासत राहिले. “लोकांनी तिला वेडी म्हटलं असतं,” ते अखेर म्हणाले. एवढा बारीक आवाज त्यांचा कोणी ऐकला नव्हता. “तिच्या माहेरी एकीला म्हणायचे. दार लावून ठेवायचे तिला. म्हणून मी नाव दिलं. चांगलं नाव दिलं.”

पिपाणी उठून त्यांच्यापाशी गेली आणि जमिनीवरच बसली, त्यांच्या पायांशी.

“नाव छानच होतं, आबा. पण झाकणावर एक रंग आणि डब्यात दुसरा, हे चालतं का तुम्हाला दुकानात?”

बाबांनी श्वास रोखला. कारण दुकानातलं सगळ्यात मोठं पाप तेच. एकदा कोणीतरी चुकीचं झाकण लावलं, गिऱ्हाइकाचं अर्धं घर भलत्याच रंगात न्हाऊन निघालं, आणि आबांनी स्वतः त्या घरी जाऊन ब्रश धरला होता. ती कथा घरातलं शेंबडं पोरही सांगायचं.

थोड्या वेळाने आबा उठले, काठी टेकत काकाच्या खोलीत गेले, आणि दार लोटायच्या आधी त्यांचा प्रश्न सगळ्यांना ऐकू आला. “काय नाव आहे रे तुझ्या त्या मनाच्या डॉक्टरचं?”

आकडे उतरायला लागले. सावकाश, कुरकुरत, पण उतरायला लागले. खाज कमी झाली. चार घासांचे सहा झाले. घरात आनंदीआनंद झाला, आणि त्या आनंदात एक गोष्ट पिपाणीशिवाय कोणाच्या ध्यानात आली नाही. काकाचे विनोद संपले होते.

“शपथ मोडली मी,” एका दुपारी ती त्याला म्हणाली. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“मोडलीस. पुढच्या वेळी पत्र्याची घे, वाकेल तरी.”

“चिडलायस?”

“चिडायला शक्ती लागते ग.”

दोघांना एकदम हसू आलं. पण काकाचं हसू मध्येच थांबलं, उतारावर गाडी बंद पडावी तसं.

“खरं सांग. गोळीशिवाय कसं वाटतंय?”

“मागच्या वर्षी निदान ढवळत तरी बसावंसं वाटायचं,” काका म्हणाला. “आता तेही नाही. घाबरू नकोस. सांगतोय, कारण तू विचारलंस. बाकी सगळे विचारतात, जेवलास का.”

ती घाबरली होतीच. तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. तडक बाहेर गेली, डॉक्टरांना हुडकून काढलं आणि काका जे म्हणाला ते जसंच्या तसं त्यांना सांगितलं. त्यांनी सगळं काम बाजूला ठेवून ऐकून घेतलं. मग स्वतः काकाशी बोलून आल्या. मनाच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ पक्की झाली. दुसरी गोळी मिळेल, म्हणाल्या, लिव्हरला झेपणारी, आणि या वेळी रक्त तपासत तपासत. तोवर आणि त्यानंतरही काही दिवस त्याला एकटं ठेवायचं नाही. जेवण, झोप, बोलणं, सगळ्यावर कोणाचं तरी लक्ष हवं. “घरी आहे ना कोणी?” त्यांनी विचारलं.

“आहे,” पिपाणी म्हणाली. कोण, ते तिलाही अजून माहीत नव्हतं.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात आई-बाबा तेच बोलत होते. बाबा ओट्याला टेकून उभे होते, आई भांडी पुसत होती.

“परवा सोडतायत,” बाबा म्हणाले. “दुकानावरच्या खोलीत नाही ठेवता येणार. वास टर्पेंटाइनचा, आणि एकटा.”

“वन्सं नेतील?”

“ताईकडे दिवसभर पंधरा पोरं बोंबलत असतात. चांगला माणूस आजारी पडेल तिथे.” बाबांनी खांदे उडवले. “मी म्हणतो, मावसभावाकडे पाठवू महिनाभर. शेत आहे, झाडं आहेत, हवापालट होईल. डॉक्टर नंतर बघू.”

“नंतर म्हणजे कधी? सोमवारची वेळ घेतलीय.”

“मग काय करू? कुठे ठेवू त्याला? आपल्याकडे जागा आहे का? डोक्यावर घेऊ?”

आई पुसलेली ताटलीच परत पुसू लागली.

पलीकडच्या खोलीतून मघापासून काहीतरी ओढल्याचा, आपटल्याचा आवाज येत होता. आता तो थांबला. दारात पिपाणी उभी होती, केस विस्कटलेले, कपाळ घामाने ओलं, आणि हातांत तिची गादी, जी तिच्यापेक्षा रुंद होती म्हणून फक्त डोळे वर दिसत होते. खोलीच्या भिंती तिने मागच्याच सुट्टीत स्वतः रंगवल्या होत्या. तिचा निळा. काकाने जुळवून दिलेला. दारावर ‘ठोठावल्याशिवाय आत येऊ नये’ असं लिहायला तिला वर्षभर भांडावं लागलं होतं.

“हे काय चाललंय?” बाबांनी विचारलं.

तिने गादी धप्पकन जमिनीवर टाकली, कारण ती धरून कोणालाही काही ठामपणे सांगता येत नाही.

“माझी खोली काकाला दिली. कपाट रिकामं केलंय, पलंग खिडकीपाशी सरकवलाय, उजेड येतो तिथे. मी बैठकीत झोपणार.”

“पिपाणे, हे असं एकदम... आम्हाला विचारायचं तरी.”

“मी विचारत नाहीये, बाबा, सांगतेय. तो शेताबिताला जाणार नाही. सोमवारी मी त्याला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणार आहे. शाळेत तसं सांगणार आहे. तुमच्यापैकी कोणी सोबत आलं तर मला फार बरं वाटेल, मला थोडी भीती वाटतेय. पण कोणी नाही आलं तरी आम्ही दोघं जाणार. आणि तिथे त्यांनी गोळ्यांचं विचारलं ना, की मी पट्टीवरचं नाव वाचून दाखवणार.”